यंत्राची नजर आणि चालकाची झोप

(खामगाव येथे रस्ता सुरक्षा अभियानात शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



खामगावकरांना रस्त्याचे महत्त्व सांगण्याचे कारण नाही. कापसाच्या बाजारपेठेने हे गाव वाढविले आणि तो कापूस खेड्यापाड्यांतून बैलगाडीने येथे येत असे. बैलांना वाट ठाऊक असे. परतताना गाडीवानाचा डोळा लागला तरी गाडी घरी पोहोचे. आज येथून ५३ क्रमांकाचा, म्हणजे पूर्वीचा ६ क्रमांकाचा, राष्ट्रीय महामार्ग जातो. त्यावरील वाहनाला वाट ठाऊक नसते.

१ जुलै २०२३ ची रात्र आपला जिल्हा विसरलेला नाही. सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्यास निघालेली खाजगी बस मध्यरात्रीनंतर उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. दुसऱ्या कोणत्याही वाहनाशी टक्कर झालेली नव्हती. त्या अपघाताच्या कारणांचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. परंतु चांगला रस्ता झाला की प्रवास निर्धोक झाला, ही समजूत त्या रात्रीनंतर तरी आपण सोडून द्यावयास हवी. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रातील रस्त्यांवर १५,२२४ माणसे दगावली.

वेगावर नजर ठेवणारी यंत्रे आता पुष्कळ आहेत. कॅमेरा दिसताच चालक ब्रेक दाबतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा वेग वाढवितो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. यास्तव मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जी यंत्रणा सुरू झाली, तीत सरासरी वेगही मोजला जातो. ४० किलोमीटरचे अंतर २४ मिनिटांत कापले, तर वेग ताशी १०० किलोमीटर झाला. मधल्या एका ठिकाणी ब्रेक दाबून हा हिशेब चुकविता येत नाही. शिक्षक बंधूंनी हे उदाहरण वर्गात अवश्य घालावे.

मात्र चालक किती तास जागा आहे, हे वेग मोजणारा कॅमेरा सांगत नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. आता तो कायदा नव्या कामगार संहितेत समाविष्ट झाला असला, तरी आठ तासांचे तत्त्व कायम आहे. नियम आहे, अंमल नाही; आणि त्यात आपलाही वाटा आहे. लग्नाच्या वऱ्हाडासाठी किंवा सहलीसाठी गाडी ठरविताना आपण भाड्याची घासाघीस तासभर करतो. चालक काल रात्री कोठे होता, हे कोणी विचारीत नाही. मुक्कामी पाहुण्यांना गाद्या मिळतात आणि चालक डासांत, गाडीतल्या बाकावर पडतो. पहाटे त्याच्याच हाती आपली मुलेबाळे सोपवितो!

शेगावच्या रस्त्याचा प्रश्न निराळा. पंढरपूरहून परतणारी श्रींची पालखी खामगावहून शेगावला निघते, तेव्हा लोकांचा महापूर लोटतो आणि बंदोबस्तही असतो. एरवी अंधारात पायी निघणाऱ्या भाविकाला संरक्षण असते ते डोळ्यांचे. त्याने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे आणि अंगात फिकट कपडे घालावेत.

अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यांस २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले आहे; नाव सांगण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असावा.

आता पंचायत सदस्यांकडे एक मागणे. दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक सुरू होते. ट्रॉलीच्या मागे-बाजूला कापूस एवढा फुगलेला असतो की मागचा दिवा असलाच तरी झाकून जातो. मागून येणाऱ्या चालकास ती ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते. तो जागा असला तरी वेळ उरत नाही. यावरचे साधन थोडक्या पैशांत मिळते: प्रकाश परतविणारी लाल पट्टी. ती दिव्यासारखी विझत नाही, तिला बॅटरी लागत नाही. फक्त ती कापसाखाली दडणार नाही अशा ठिकाणी हवी. पत्रके काढणे हाच माझा व्यवसाय असूनही सांगतो, शंभर पत्रकांपेक्षा बाजार समितीच्या फाटकावर हंगामाच्या पहिल्या आठवड्यात झालेली ट्रॉल्यांची तपासणी अधिक उपयोगी पडेल. ज्या ट्रॉलीला पट्टी नसेल तिला तेथेच लावून द्यावी. दंडाची पावती नंतर. आपल्या गावात ट्रॉल्या किती, याची यादी ग्रामसभेच्या एका बैठकीत होऊ शकते. यादी झाली की माझ्या कार्यालयास कळवा. पट्ट्यांसाठी कोणाकडे अर्ज करावयाचा, ते मी लेखी कळवीन.