कवड्यांची कमाई



गंभीर विषयांची सवय असलेल्या या व्यासपीठावरून मोबाइलवरच्या खेळांत मिळणाऱ्या नाण्यांविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींस थोडे हलके वाटेल. पण ज्या गोष्टीपायी कोट्यवधी माणसे रोज आपल्या जागेपणीचा काही वेळ देतात, ती गोष्ट हलकी कशी म्हणावी? देशाच्या अर्थव्यवहाराचा विचार आपण करतो; मग माणसाच्या वेळेच्या या व्यवहाराचा विचारही कोणी तरी केला पाहिजे.

प्रथम एक खुलासा. मी जुगाराविषयी बोलणार नाही. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आणि निव्वळ करमणुकीच्या खेळांना त्याने वेगळे काढले. ते योग्यच झाले. मी बोलणार आहे ते या वेगळ्या काढलेल्या, निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या खेळांविषयी. तिथे जिंकलेली नाणी वाण्याच्या दुकानात चालत नाहीत, बँकेत भरता येत नाहीत, मुलाबाळांना वारसाहक्काने देता येत नाहीत. तरी माणसे ती मिळवतात, मोजतात आणि जपतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, ही नाणी खोटी आहेत. हा आक्षेप मला लंगडा वाटतो. गोट्या, चिंचोके, सागरगोटे यांची किंमत तरी काय होती? तरीही खिशात खुळखुळणाऱ्या जिंकलेल्या गोट्यांचा तोरा ज्याने मिरवला नाही, त्याचे बालपण वायाच गेले म्हणायचे. आणि कवडी तर एके काळी बाजारात चालणारे नाणेच होते. आज ते ‘कवडीमोल’ या शब्दापुरते उरले आहे. तेव्हा नाणे खोटे की खरे, हा प्रश्नच नव्हे. ते कशाबद्दल मिळते, हा प्रश्न आहे. गोटी मिळे ती नेमाबद्दल. दिवेलागण झाली, आईने हाक मारली की डाव मोडे आणि उद्या आला नाहीत म्हणून कोणी तुमच्या गोट्या काढून घेत नसे.

आता १९९९ साली सुरू झालेल्या ‘निओपेट्स’ या संकेतस्थळाकडे पाहा. ते आजही चालू आहे. तिथे काल्पनिक प्राणी पाळायचे, छोटे छोटे खेळ खेळून ‘निओपॉइंट’ मिळवायचे आणि त्यांतून प्राण्यांना खाऊपिऊ घालायचे, असा गमतीचा मामला. एका पठारावर भले मोठे ऑम्लेट ठेवलेले आहे. त्यातला एक तुकडा दिवसातून एकदा कोणीही फुकट न्यावा. बँकही आहे आणि ती व्याज देते. पण ते व्याज आपोआप खात्यावर चढत नाही. रोज येऊन मागावे लागते. एक दिवस चुकला की त्या दिवसाचे व्याज बुडाले! कल्पक माणसांनी केलेला तो खेळ आहे आणि मुलांनी त्यात खरा आनंद लुटला, हे मी मान्य करतो. परंतु या ऑम्लेटात आणि या व्याजात कौशल्य कसले? हे बक्षीस हजेरीचे आहे. खेळाच्या अंगणात हजेरीपट आला, तो असा.

हजेरीबरोबर आणखी एक युक्ती आली आणि तिचे मूळ अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगशाळेत सापडते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी फर्स्टर यांनी १९५७ साली याविषयी एक जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला. कबुतराने कळ टोचली की दाणा पडतो. दर टोचेला दाणा दिला आणि मग देणे थांबवले, तर कबुतर लवकरच नाद सोडते. पण दाणा कधी पाच टोचांनी, कधी पन्नास टोचांनी, असा बेभरवशाने दिला, तर दाणे बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ टोचतच राहते. आज कोणत्याही खेळात ‘आजचे चक्र फिरवा’, ‘पेटी उघडा’ असे दिसले की मला ते कबुतर आठवते. पेटीत काय निघेल हे ठाऊक नसणे, हेच तर तिचे खरे आकर्षण.

या दोन्हींचा संगम पाहायचा तर ‘फार्मव्हिल’कडे वळावे. जून २००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या या खेळात लोकांनी शेती केली. नांगरा, पेरा, कापा, नाणी घ्या. २०१० पर्यंत महिन्याला आठ कोटींवर माणसे ही शेती करीत होती. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार होई. पण वेळेवर काढली नाही तर सुकून जाई. मूळची नाणी पुरेनाशी झाली की खरे पैसे देऊन दुसऱ्या जातीची नाणी घेण्याची सोय होतीच. ज्यांच्या बापजाद्यांनी खऱ्या शेतीला कंटाळून शहर गाठले, तेही रात्री गजर लावून स्ट्रॉबेरी काढायला उठले असतील, तर मला नवल वाटणार नाही.

पण श्रोतेहो, या माणसांना हसण्यात मला रस नाही. दुपारी दोन वाजता ओटा आवरून बसलेल्या बाईला दिवसभरात ‘शाब्बास’ म्हणणारे घरात कोण असते? निवृत्त झालेल्या मास्तरांच्या कामाची नोंद आता कुठल्या वहीत होते? खेळ त्यांना शाब्बास म्हणतो, तारा देतो, वरची पायरी देतो. ही भूक खरी आहे. ती घरात भागली असती तर परक्या कारखान्यातल्या शाबासकीवर जगण्याची वेळ आली नसती. माझी तक्रार खेळणाऱ्यांवर नाही. या भुकेचा हिशेब मांडून तिच्यावर घड्याळ बसवणाऱ्यांवर आहे.

या नाण्यांतून चांगले काही निघतच नाही, असेही नव्हे. ‘क्लब पेंग्विन’ हा मुलांचा खेळ २००५ साली निघाला. २००७ च्या नाताळात तिथल्या मुलांना सांगण्यात आले की, खेळात कमावलेली नाणी तीन सत्कार्यांपैकी आवडेल त्याला द्या. चालकांनी दहा लाख डॉलर त्याच प्रमाणात वाटायचे ठरवले होते. मुलांनी नाणी भरभरून दिली. ती खोटीच होती, पण देताना हात आखडला नाही, ही गोष्ट लहान नव्हे. तो खेळ २०१७ साली बंद झाला. ‘फार्मव्हिल’ही फ्लॅश नावाचे तंत्र कालबाह्य झाल्याने ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद पडले. अकरा वर्षांची शेते, गोठे, कुंपणे, सारे गेले. पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा मोबदला निदान मागता तरी येतो. इथे सातबारा मुळातच दुसऱ्याच्या नावावर होता.

शेवटी एका गायीची हकीकत. इयन बोगोस्ट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी अशा खेळांची टर उडवण्यासाठी जुलै २०१० मध्ये ‘काऊ क्लिकर’ नावाचा खेळ केला. कुरणात एक गाय. तिच्यावर एकदा बोट दाबायचे, एक गुण मिळायचा. पुढे सहा तास थांबायचे. बस्स, एवढेच! थांबवत नसेल तर पैसे मोजा. गायींचे नवे प्रकारही विकत मिळत. त्यांत एक होती ती केवळ तोंड उलट दिशेला केलेली पहिलीच गाय. विडंबन म्हणून केलेला हा खेळ पन्नास हजारांवर माणसे मनापासून खेळू लागली आणि नव्या गायींची मागणी करू लागली. कर्ता बिचारा आपल्याच थट्टेचा गुराखी झाला. अखेर सप्टेंबर २०११ मध्ये त्याने सगळ्या गायी एकदम नाहीशा केल्या. कुरणात गायीच्या जागी रिकामी जागा उरली. मात्र तिच्यावर बोट दाबण्याची सोय त्याने ठेवली होती.

गायी गेल्यावर खेळात पूर्वीची मजा राहिली नाही, अशी एका खेळाडूने तक्रार केली. मजा पूर्वीही नव्हती, असे बोगोस्ट यांनी त्याला कळवले. आणि तरीही काही मंडळी सहा-सहा तासांनी येऊन त्या रिकाम्या जागेवर बोट दाबीत राहिली.