विसावा माणूस

वर्षभरातले निवाडे आणि परिपत्रके यांचा आढावा अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी घ्यायला हवा. तो छापील अहवालात आहे, सवडीने वाचा. मला आज एकाच आकड्याविषयी बोलायचे आहे, २० या आकड्याविषयी.

१९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला तेव्हा तो ५० कामगारांच्या कारखान्यांपुरता होता. १९६० च्या दुरुस्तीने ती अट २० वर आली आणि तिथेच राहिली. ग्रॅच्युइटीला १० माणसे पुरतात, कामगार विम्यालाही १० पुरतात. म्हातारपणच्या पुंजीला मात्र २० लागतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही २० च ठेवले. याचे पटणारे कारण मला आजवर कुणी सांगितलेले नाही.

सकाळच्या सत्रात १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर जोरदार वाद झाला. २०१४ पासून ती हललेली नाही, वाढायलाच हवी. पण ज्याचे खातेच नाही, त्याला मर्यादा १५ काय नि ३० काय?

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीचे मस्टर मी पाहत असे. त्यावर कायम १९ नावे. भट्टीपाशी माणसे मोजली की जास्त भरत. उरलेली मालकाच्या भावाच्या फर्मची म्हणून दाखवलेली. मालक वाईट नव्हता, कामगाराच्या आजारपणात खिशातून पैसे देणारा होता. त्याला भीती एवढीच, की एकदा २० झाले की पुढे माणसे कमी झाली तरी त्या कायद्यातून सुटका नाही. दोन्ही फर्म मिळून कायद्याने एकच आस्थापना ठरते, हे मी त्याला लेखी दिले. त्याने सल्लागार बदलला.

काही वर्षांनी तिथला एक मोल्डर कामावर असतानाच वारला. त्याची बायको माझ्याकडे आली. “साहेब, फंडाचं काय?” एका महिन्याची वर्गणी भरलेली असती तरी तिला विधवा पेन्शन लागू झाली असती. त्याची उभी हयात त्या भट्टीपुढे गेली होती आणि फंडाच्या दप्तरी त्याचे नावच नव्हते. तिला काय उत्तर द्यायचे, ते सकाळच्या वक्त्यांनी मला सांगावे.

तरुण सहकारी म्हणतात, अटल पेन्शन आहे, एनपीएस आहे, कामगाराने स्वतः भरावे. अटल पेन्शनचे दार चाळिशीनंतर बंद होते, आणि मालकाचा वाटा त्यात सक्तीचा नाही. लहान मालकाला कागदपत्रे झेपत नाहीत, असेही ऐकले. तोच मालक जीएसटीचे विवरण वेळेवर भरतो.

आणि हे जमते, हे याच राज्याने दाखवले आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमालाचा व्यापारी रोज वेगळा. तरी मजुरीबरोबर लेव्ही मंडळात जमा होते आणि त्यातून त्याला फंड, ग्रॅच्युइटी मिळते. बाजार समितीत पोती वाहणाऱ्याला जे मिळू शकते, ते पाच माणसांच्या वर्कशॉपमधल्या फिटरला का नको? माणसे न मोजता पहिल्या कामगारापासून फंड लागू व्हावा, ही माझी मागणी आहे. तिच्या मसुद्यासाठी एक समिती नेमू. नावे कार्यकारिणीने ठरवावीत.

तोवर एक करा. २० पेक्षा कमी माणसे असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने फंड लागू करून घेता येतो. गावी परतल्यावर, ज्या अशिलाच्या मस्टरवर १९ नावे असतील, त्याच्यापुढे तो अर्ज ठेवा.