माणसात आणणे



‘माणसात आणणे’ हा मराठीत रुळलेला वाक्प्रचार. विज्ञानाने तो अक्षरशः करून पाहण्याचाही घाट घातला होता. १९२६-२७ साली रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या इव्हानोव्ह यांनी पश्चिम आफ्रिकेतील गिनीत चिंपांझी माद्यांवर मानवी वीर्याने कृत्रिम रेतनाचे प्रयोग केले. एकीलाही गर्भ राहिला नाही.

त्याआधी, १९२५ मध्ये, मिखाइल बुल्गाकोव्ह यांनी ‘कुत्र्याचे हृदय’ ही लघुकादंबरी लिहिली. तीत एक शल्यविशारद भटक्या कुत्र्यात मृत माणसाची पीयूष ग्रंथी बसवतो. कुत्रा दोन पायांवर चालू लागतो, बोलतो, कागदपत्रे मिळवून नोकरीही धरतो; पण नोकरी भटकी मांजरे पकडण्याची आणि बोली शिवराळ! अखेर प्राध्यापकमहाशय त्याला पुन्हा कुत्रा करतात. सोव्हिएत भूमीवर ही कृती छापली गेली ती १९८७ मध्ये. देह देता येतो, वाचाही देता येते. माणुसकी मात्र शस्त्राने रोवता येत नाही, हे तिचे मर्म.

आपली पैठणची आख्यायिका याहून निराळी आहे. ज्ञानेश्वर रेड्यामुखी वेद वदवतात, तरी रेडा रेडाच राहतो. त्याच्यावर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या अंगावर उमटतात. कसोटी लागते ती भोवती जमलेल्या, या भावंडांना शुद्धिपत्र नाकारणाऱ्या पंडितांच्या माणूसपणाची.

तीच गोदावरी पुढे जुन्या, अखंड आदिलाबाद जिल्ह्याची दक्षिण सीमा झाली. या जिल्ह्यातील गोंडांना ‘रानटी’ ठरवून माणसात आणण्याची भाषा पुष्कळांच्या तोंडी असे. त्यांच्या जमिनी मात्र हातच्या जात होत्या. १९४० मध्ये कोमरम भीम जोडेघाट येथे धारातीर्थी पडले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना पाचारण केले. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. मुलांसाठी गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत तयार झाले. या प्रयोगात माणूस होता तसाच राहिला आणि पुस्तक बदलले. स्वतःच्या भाषेत अक्षर गिरवणारे मूल उद्या सावकाराचा कागदही वाचणार होते.

ज्या लिपीत आपण ज्ञानेश्वरी वाचतो, त्याच लिपीतली ही अक्षरे. शंभर वर्षे मराठी ग्रंथ सांभाळणाऱ्या या संस्थेने एक कपाट गोंडी आणि कोलामी पुस्तकांसाठी राखून ठेवावे, एवढीच या प्रसंगी विनंती.