खुराड्यातील लाल किडे व कोंबड्यांच्या उवा यांचा बंदोबस्त



आज पिकांविषयी बोलणार नाही. आज कोंबड्यांविषयी बोलायचं आहे, आणि तेही मोठ्या पोल्ट्रीतल्या नव्हे, तर तुमच्या परड्यात, उकिरड्यावर उकरत फिरणाऱ्या पाच-दहा गावठी कोंबड्यांविषयी. या कोंबड्यांचा हिशेब घरधन्याच्या वहीत सहसा नसतो. अंडी विकून आलेले पैसे घरची बाई पदराच्या गाठीला बांधते. त्यातून मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, बाजाराला जायचं एस.टी.चं भाडं निघतं. कोंबडी अंड्यावरून उतरली तर पहिली झळ तिला बसते. तेव्हा हे बोलणं तिच्या कानावर जाईल असं पाहावं.

तक्रार साधारण अशी येते. कोंबडी चारा टिपते, पाणी पिते, पण अंडी कमी झाली. तुरा लालबुंद होता तो फिका पडला. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती, ती मधेच अंडी सोडून उठली. संध्याकाळी खुराड्यात जायला तयार नाही, झाडावर नाहीतर कुंपणावर जाऊन बसते, आणि मग एखाद्या रात्री मुंगूस किंवा रानमांजर तिला उचलून नेतं. घरात म्हणतात, नजर लागली. नाहीतर म्हणतात, रोग आला. रोग आला म्हटलं की कोंबडी सुरीखाली जाते किंवा पडेल भावानं बाजारात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग वेगळा. त्यात कोंबड्या पटापट मरतात, आणि त्यासाठी आधीच लस द्यावी लागते. इथे कोंबडी लगेच मरत नाही, झिजत जाते. अशा वेळी तिचं अंग आणि तिचं खुराडं, दोन्ही नीट पाहावं.

त्रास देणारे मुख्य किडे दोन, आणि दोघांची राहणी अगदी वेगळी. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं काम सोपं होतं.

पहिली ऊ. ही गव्हाच्या काडीच्या रंगाची, चपटी असते. कोंबडीच्या शेपटीखाली, पंखाखाली पिसं बाजूला करून पाहिलं तर कातडीवरून भराभर पळताना दिसते. पिसांच्या बुडाशी पांढरे गठ्ठे चिकटलेले असतात, त्या तिच्या लिखा. पिसं आणि कातडीचा कोंडा हे तिचं खाणं. तिचा सगळा जन्म कोंबडीच्या अंगावर जातो. खाली पडली तर आठवडाभरात मरते. माणसाच्या डोक्यात ती घर करीत नाही, तेव्हा त्याची धास्ती नको.

दुसरा लाल किडा. हा कोळ्याच्या जातीचा, आठ पायांचा, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. उपाशी असला की राखाडी, रक्त प्याला की लाल. हा दिवसा कोंबडीवर सापडायचा नाही. दिवसभर खुराड्याच्या भेगांत, बसण्याच्या दांडीखाली, टोपलीच्या विणीत दडून राहतो आणि अंधार पडला की कोंबडीवर चढून रक्त पितो. म्हणूनच पुष्कळ जण फसतात. भर दुपारी कोंबडी उलटीसुलटी करून पाहतात, काही दिसत नाही, आणि म्हणतात अंग स्वच्छ आहे.

त्याला पकडायची युक्ती साधी आहे. कोंबड्या बसल्यावर तास-दोन तासांनी बॅटरी घेऊन जावं. पांढऱ्या फडक्याचा तुकडा दांडीच्या खालच्या अंगानं आणि भेगांवरून दाबून फिरवावा. फडक्यावर रक्ताचे डाग उमटले तर चोर सापडला. दिवसा पाहायचं तर दांडीच्या टोकाशी मीठ-मिरी सांडल्यासारखी बारीक घाण दिसते, तीही त्याचीच खूण. खुराड्यात हात घातल्यावर हाताला वळवळ जाणवत असेल, पडवीत निजणाऱ्या पोरांना रात्री खाज सुटत असेल, तरी संशय घ्यावा. हा किडा माणसाच्या अंगावर राहत नाही, पण चावतो.

याचाच एक भाऊबंद दिवसाही कोंबडीवरच राहतो. तो असला की शेपटीखालची पिसं काळपट, मळकट दिसतात. आणि भेगांतून चपटा करडा गोचीडही निघतो. बंदोबस्त बराचसा एकच.

आमच्या तालुक्यातल्या एका गावची हकिगत सांगतो. एका बाईनं पावसाळ्यात तेरा अंड्यांवर कोंबडी बसवली. ती नवव्या दिवशी उठली. बाईनं कोंबडीला शिव्या दिल्या, दुसरी कोंबडी आणली, त्याच टोपलीत नवी अंडी घालून बसवली. ती सहाव्या दिवशी उठली. म्हणजे दोन खेपांची अंडी वाया, आणि दोष कोंबड्यांना! ती टोपली पांढऱ्या धोतरावर उलटी करून आपटली तेव्हा मोहरी सांडावी तसे किडे चालू लागले. टोपली शेजारणीकडून मागून आणलेली होती. आता हिशेब करा. अंडी उबायला एकवीस दिवस लागतात. उबदार हवेत या किड्याची एक पिढी आठवड्या-दहा दिवसांत तयार होते. म्हणजे कोंबडी एका जागी बसलेली असताना तिच्याखाली दोन-तीन पिढ्या वाढतात, आणि ती बिचारी जागची हलत नाही. उठून जाते ती जीव वाचवायला.

तेव्हा ऊ असेल तर कोंबडीचा इलाज आणि लाल किडा असेल तर घराचा इलाज. नुसत्या कोंबडीला पावडर चोळून लाल किडा कधीच जात नाही. त्याला उपाशीपोटी महिनोन् महिने राहता येतं, त्यामुळे खुराडं पंधरा दिवस रिकामं ठेवलं तरी तो वाट पाहत बसतो.

खुराडं सकाळीच रिकामं करावं. आतला सगळा भुस्सा, पेंढा, पाला काढून घरापासून लांब जाळावा; शेजारच्या उकिरड्यावर टाकाल तर किडे पुन्हा चालत येतील. दांड्या काढून त्यांची साल तासावी, कारण सालीखाली यांची वस्ती असते. दांड्यांवर, फळ्यांवर आणि टोपल्यांवर उकळतं पाणी ओतावं आणि कडक उन्हात वाळवाव्यात. फार जुनी, विण सुटलेली टोपली जाळलेली बरी, तिचा मोह धरू नये. भिंतीच्या भेगा शेणमातीनं लिंपून बुजवाव्यात आणि वरून चुना द्यावा. चुना पूर्ण सुकल्यावरच कोंबड्या आत घ्याव्यात. दांडी भिंतीला न टेकवता दोन खुंटांवर ठेवली आणि खुंटांच्या बुडाशी तेल घातलेल्या करवंट्या ठेवल्या तर किड्याला वर चढायची वाट राहत नाही. गवती छपराच्या खुराड्यात भेगा जाळायला टेंभा फिरवू नका. किड्यांबरोबर खुराडं जाईल, कदाचित घरही.

एकदा करून काम होत नाही. भेगांतली अंडी आणि पिसांवरच्या लिखा उरतात, त्यातून नवे किडे निघतात. म्हणून हेच काम आठवड्यानं पुन्हा, आणि आणखी आठवड्यानं तिसऱ्यांदा करावं. गावच्या बाजाराच्या दिवसाची खूण धरली म्हणजे विसर पडत नाही. बहुतेक जण इथेच कंटाळतात.

आता कोंबडीचं अंग. कोंबडी आपली अंघोळ मातीत करते. उन्हाळ्यात तिला जागोजाग कोरडी माती मिळते. पावसाळ्यात सगळा चिखल, लोळायला जागा नाही, आणि त्याच दिवसांत उवा माजतात. म्हणून पडवीच्या कडेला, जिथे पाऊस येत नाही अशा जागी, हातभर रुंद आणि वीतभर खोल खड्डा किंवा लाकडी खोकं करावं. त्यात कोरडी बारीक माती, वाळू आणि चुलीची चाळलेली, पूर्ण निवलेली राख घालावी. राख ओली होऊ देऊ नये, ओल्या राखेनं कातडी चरचरते. द्राक्षबागांत धुरळणीला वापरतात ते गंधक मिळालं तर घमेलंभर मिश्रणाला ओंजळभर मिसळावं, त्याचा गुण चांगला येतो. पाण्यात विरघळवून फवारायचं गंधक वेगळं, ते यासाठी नको. मिसळताना तोंडाला फडकं बांधावं. निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला टोपलीत घालण्याची चाल आपल्याकडे आहे. ती सोडू नका, पण नुसत्या पाल्यावर विसंबूही नका.

औषधांबद्दल मात्र जरा कडक बोलतो. पूर्वी बी.एच.सी.ची भुकटी, म्हणजे गावात जिला गॅमेक्झिन म्हणत, ती सर्रास कोंबडीला चोळत. तिच्यावर १९९७ साली बंदी आली. नंतर सेविन, म्हणजे कार्बारिल, वापरात होतं. त्यावरही २०१८ साली बंदी आली. माळ्यावर एखादा जुना पुडा उरला असेल तर तो कोंबडीसाठी काढू नका. कापसाचं किंवा भाजीचं फवारणीचं औषध पंपात उरलं म्हणून कोंबडीवर मारू नका. ती चोचीनं पिसं साफ करते, विष पोटात जातं, आणि तिचं अंडं तुमच्या पोराच्या ताटात येतं. तंबाखूचं पाणीही नको, त्यानं पिल्लं दगावतात. रॉकेलनं कातडी भाजते. मी शेतीचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. एवढं करूनही किडा हटला नाही तर एक कोंबडी डालग्यात घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथे कोंबडीला चालणारं औषध आणि त्याचं प्रमाण विचारून घ्या, आणि ते दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही विसरू नका.

काही कोंबड्यांच्या पायांचे खवले वर उचलतात, पाय जाड, खडबडीत, चुना लावल्यासारखे दिसतात. हाही एक बारीक किडाच, खवल्यांखाली राहणारा. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून जुन्या ब्रशनं हलके घासावे, पुसून गोडेतेल किंवा खोबरेल चोपडावं. खवले जबरदस्तीनं उपटू नयेत, रक्त येतं. दर दोन-चार दिवसांनी तेल लावत राहिलं तर काही आठवड्यांत पाय सुधारतात.

बाजारातून नवी कोंबडी आणली, किंवा पाहुण्यांनी दिली, तर तिला लगेच इतरांत सोडू नये. दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी, शेपटीखाली आणि पंखाखाली पाहावं, मगच सोडावी. आणि अंड्यांवर बसवायची टोपली शेजारी मागायला आली तर जरूर द्या, पण परत आल्यावर तिच्यावर आधी उकळतं पाणी ओता.