घरांतील उंदरांचा बंदोबस्त

मृगाच्या सरी पडूं लागल्या, शेतांतील बिळांत पाणी शिरूं लागलें, म्हणजे उंदीर माणसांच्या घरांचा आश्रय शोधूं लागतात. रात्रीं दिवा मालवल्यावर माळ्यावर धांवपळ सुरू होते, फडताळांतून कुरतडण्याचा आवाज येतो, आणि सकाळीं गृहिणीच्या हातीं भोंक पडलेला गव्हाच्या पोत्याचा कोपरा लागतो. मग यजमान बाजारांतून एक सांपळा किंवा विषाची पुडी घेऊन येतात. दोन-चार उंदीर मरतात, घरांत विजयाचें वातावरण पसरतें, आणि पंधरवड्यानंतर तीच धांवपळ पुन्हां ऐकूं येते. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे कीं, उंदीर हा घराचा न हलणारा भाडेकरूच आहे, असें पुष्कळांनीं मनाशीं ठरवून टाकलें आहे. गणपतीचें वाहन म्हणून त्याच्याकडे थोडेंसें कौतुकानेंहि पाहिलें जातें. भाद्रपदांतील चार दिवस तें शोभून दिसतें. उरलेल्या वर्षांत तें कौतुक फार महाग पडतें.

नुसत्या मारण्यानें उंदीर कां संपत नाहींत, हें साध्या गुणाकारानें कळतें. लहान घरउंदराची मादी सुमारें तीन आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर एका वेळीं पांच-सहा पिलें देते, आणि तीं पिलें दीड-दोन महिन्यांत स्वतः प्रजोत्पादनास योग्य होतात. आठवड्याला एक उंदीर पकडणारा गृहस्थ या शर्यतींत कधींच पुढें जाऊं शकत नाहीं. शिवाय एक उंदीर मेल्यानें घर मोकळें होत नाहीं, फक्त एक जागा रिकामी होते. खाण्याचा वास आणि शिरण्याची वाट हीं दोन्ही कायम राहिल्यामुळें गटारांतला दुसरा उंदीर त्या जागीं बिऱ्हाड करतो.

मारण्यापेक्षां अडविणें अधिक महत्त्वाचें कां, याचें उत्तर मुंबई इलाख्याला प्लेगनें दिलें, आणि त्याची किंमत फार जबर होती. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत, जेथें धान्याच्या वखारी होत्या तेथें, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं हा रोग ओळखला. १० मार्च १८९७ रोजीं पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले त्याच रोगाला बळी पडल्या. पुढील कांहीं दशकांत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें प्लेगनें दगावलीं. आरंभीं मुंबईंत गटारें समुद्राच्या पाण्यानें व कार्बोलिक अॅसिडानें धुतलीं गेलीं, घरांना चुना दिला गेला, जमिनी उकरल्या गेल्या. कारण रोग घाणींतून व दूषित हवेंतून उपजतो असा तेव्हां बहुतेकांचा समज होता. अडाणी म्हणून हिणविल्या गेलेल्या खेडुतांनीं मात्र एक गोष्ट अचूक हेरली होती. घरांत उंदीर पडूं लागले कीं ते गांव सोडीत आणि रानांत झोपड्या घालून राहत.

या दोन गोष्टींमधला दुवा १८९८ मध्यें कराची येथें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें शोधून काढला. तो दुवा म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला, त्याचें शरीर थंड पडलें, कीं पिसू तें सोडते आणि दुसरें ऊबदार अंग शोधूं लागते. दुसरा उंदीर न मिळाला, तर ती माणसाला चावते. सिमाँचें म्हणणें कित्येक वर्षें विद्वानांनीं मनावर घेतलें नाहीं. १९०५ पासून मुंबईंत प्लेग-संशोधन मंडळानें जे प्रयोग केले, त्यांनीं हा वाद मिटविला. प्लेगच्या घरांत गिनीपिग नांवाचे प्राणी पिंजऱ्यांत घालून ठेवले असतां, पिसवांना जेथवर उडी घेतां येते तेथवर ठेवलेल्या प्राण्यांना रोग जडे, आणि उडीच्या टप्प्याबाहेर टांगलेले वांचत.

यावरून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. घराच्या आंत मेलेला उंदीर हा नेहमींच फायद्याचा सौदा नसतो. मुळांत तो आंत न येणें हाच फायदा. सप्टेंबर १९९४ मध्यें सुरत शहरांत प्लेगची भीति पुन्हां उद्भवली आणि लाखों माणसें शहर सोडून गेलीं. म्हणून घरांत किंवा आवारांत विनाकारण एकापाठोपाठ उंदीर मरून पडलेले दिसल्यास त्यांना हात न लावतां नगरपालिकेच्या आरोग्यखात्याला ताबडतोब कळवावें, हा नियम आजहि पाळण्यासारखा आहे.

प्लेग आज क्वचित् आढळतो हें खरें; परंतु उंदराची दुसरी देणगी, लेप्टोस्पायरोसिस, दर पावसाळ्यांत येतेच. उंदराच्या मूत्रांतील जंतु साचलेल्या पाण्यांत मिसळतात आणि पायाच्या बारीकशा जखमेंतून शरीरांत शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत या तापानें अनेकांचे प्राण घेतले. घरापुरतें बोलावयाचें तर विजेच्या तारांवरील वेष्टण कुरतडलें गेल्यामुळें ठिणगी पडून आग लागते, आणि स्वयंपाकाच्या गॅसची साधी रबरी नळी उंदराच्या दांतांपुढें टिकत नाहीं. आंत तारेची जाळी असलेली नळी मिळते. ती ज्या घरीं नसेल त्या घरीं ती आणणें हें पहिलें काम होय.

विषाविषयीं येथें स्पष्ट बोललें पाहिजे. पिवळ्या फॉस्फरसचें मलम आणि झिंक फॉस्फाइडची काळसर पूड हीं दोन्ही उंदराला जितकीं घातक, तितकींच लहान मुलाला. पावाच्या तुकड्याला लावून कोपऱ्यांत ठेवलेलें मलम रांगत्या मुलाच्या हातीं लागावयास एक क्षण पुरे होतो. पिवळ्या फॉस्फरसच्या बाबतींत तर पहिल्या उलट्या थांबून एक-दोन दिवस मूल बरें दिसतें, आईबापांचा जीव भांड्यांत पडतो, आणि मग यकृत निकामी होऊं लागतें. या विषावर उतारा नाहीं. मूल बरें दिसत असलें तरी त्याला तत्काळ इस्पितळांत नेणें एवढाच मार्ग उरतो. विष खाल्लेला उंदीर बहुधा फळीमागें किंवा माळ्याच्या सांदींत जाऊन मरतो, आणि त्याची दुर्गंधी आठवडाभर घर सोडीत नाहीं, ही तक्रार त्यामानानें क्षुल्लकच. ज्या घरांत मुलें, गाय, कुत्रें किंवा मांजर आहे, तेथें हीं विषें नसावींत.

आतां अडविण्याकडे वळूं. पुण्यांतील एका पेठेंत जुन्या वाड्यांत राहणाऱ्या एका गृहस्थांनीं तीन वर्षें सांपळे लावले. सांपडलेला उंदीर ते नदीकांठीं नेऊन सोडीत. त्यांच्या मातोश्रींना हत्या खपत नसे. शेवटीं त्यांच्या घरीं कामास आलेल्या एका वृद्ध गवंड्यानें त्यांना विचारलें, “रावसाहेब, उंदीर किती धरले तें ठाऊक आहे, शिरतो कोठून तें ठाऊक आहे का?” गृहस्थ निरुत्तर झाले. त्या रात्रीं गवंड्याच्या सांगण्यावरून त्यांनीं भिंतीच्या कडेकडेनें ज्वारीचें पीठ पातळसें भुरभुरलें. उंदीर मोकळ्या जागेंतून सहसा जात नाहीं. मिशांनीं भिंत चांचपीत तो कडेनें चालतो आणि रोजची वाट सोडीत नाहीं. सकाळीं पिठावर पावलांच्या दोन रांगा स्पष्ट उमटल्या होत्या. एक मोरीच्या तोंडाकडे, दुसरी कोठीच्या खोलींतील दाराकडे. दुपारीं दारें-खिडक्या लावून खोल्यांत अंधार केला, तेव्हां बाहेरचा उजेड कोठून कोठून डोकावतो तें दिसलें. भोंकें अकरा निघालीं.

किती लहान भोंकाची पर्वा करावी, याला एक सोपें माप आहे. ज्या छिद्रांतून शिसपेन्सिल आरपार जाते, त्यांतून लहान घरउंदीर जाऊं शकतो; कवटी शिरली कीं बाकीचें अंग तो आंत ओढून घेतो. मोठ्या उंदराच्या पिलाला अर्धा इंच पुरतो. भोंकांत चिंधी, कागद, लाकडाची खुंटी किंवा बाजारांत मिळणारा फेस भरणें व्यर्थ होय. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात आणि ते झिजविण्यासाठीं तो सतत कुरतडत असतो. लाकूड, प्लॅस्टिक, शिसें, कच्चा चुना यांना तो दाद देत नाहीं. भांडीं घासण्याची तारेची घासणी भोंकांत घट्ट कोंबून वरून कांचेचा चुरा मिसळलेलें सिमेंट भरावें. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवावी. तिचीं छिद्रें पाव इंचाहून मोठीं नसावींत. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी. नव्या इमारतींतील सदनिकांत मात्र शोध वेगळ्या ठिकाणीं घ्यावा लागतो. तेथें नळाच्या व सांडपाण्याच्या पाइपांभोवतीं गवंड्यानें सोडलेली फट ओट्याखालीं झांकलेली असते, आणि पाइपांचा उभा बोळ हा उंदरांचा जिनाच असतो. सर्वांत शेवटचें भोंक बुजविण्यापूर्वीं चार दिवस सांपळे लावून आंतले उंदीर धरावे. नाहींतर ते आंतच कोंडले जातात.

वरून येणाऱ्या उंदराचा विचार जुन्या लोकांनीं केला होता. शिंक्यावरचें दहीं मांजरापासून सुरक्षित राही, परंतु काळा उंदीर दोरीवरून सहज उतरतो. यावर उपाय बंदरांत पाहावयास मिळतो. जहाज धक्क्याला बांधणाऱ्या दोरांवर पत्र्याच्या मोठ्या गोल तबकड्या अडकविलेल्या असतात. दोरावरून चालत येणारा उंदीर तबकडीपाशीं अडतो आणि मागें फिरतो. शिंक्याच्या दोरीला डब्याचें गोल झांकण मधोमध भोंक पाडून बसविलें कीं तेंच काम घरच्या घरीं होतें. खांबांवर उभारलेल्या धान्याच्या कोठारासहि खांबांना उलट्या फुनेलासारखा पत्रा बसवितात, तो याचसाठीं.

वाट बंद झाली तरी आमंत्रण चालू राहिलें, तर नवीन वाट पडते. धान्य पत्र्याच्या डब्यांत असावें, खरकटें रात्रभर राहूं नये, आणि कुत्र्या-मांजराचें ताट निजण्यापूर्वीं उचलावें. मोठ्या उंदराला रोज पाणी लागतें, म्हणून गळका नळ दुरुस्त करणें हाहि बंदोबस्ताचाच भाग होय. लहान घरउंदीर मात्र धान्यांतल्या ओलाव्यावरहि दिवस काढतो. मांजराचा भरंवसा बेतानेंच धरावा. लहान उंदरांना तें पुरून उरतें, पण घुशीपुढें पुष्कळ मांजरें मागें सरतात. चिचुंद्रीला मात्र उंदरांत मोजूं नये. ती कुरतडणाऱ्यांच्या जातीची नव्हे. झुरळें व किडे हें तिचें मुख्य खाणें. तिचा वास सोसवत नसेल तर दार उघडून बाहेर घालवावी, मारूं नये.

सांपळ्याचेंहि एक तंत्र आहे. लहान उंदीर चौकस असतो आणि पहिल्याच रात्रीं सांपडतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला भितो. त्याच्यासाठीं सांपळा तीन-चार रात्रीं न लावतांच खोबऱ्याचा भाजलेला तुकडा घालून भिंतीशीं ठेवावा, आणि तो निर्धास्तपणें खाऊं लागला म्हणजे मग खटका चढवावा. चिकट कागदावर उंदीर तासन् तास तडफडत मरतो. तो प्रकार टाळावा.

पेठेंतील त्या गृहस्थांनीं अकराहि भोंकें एका रविवारीं बुजविलीं. पुढें चार रात्रीं पीठ जसेंच्या तसें राहिलें. पांचव्या सकाळीं मोरीपाशीं पुन्हां पावलें उमटलीं. पाहतात तों मोरीच्या तोंडाला त्यांनीं काटकसर म्हणून प्लॅस्टिकची जाळी बसविली होती, आणि तिचा एक कोपरा कुरतडलेला होता. त्याच दिवशीं लोखंडी जाळी आली. गृहस्थ अजून दर पंधरवड्याला एक रात्र पीठ भुरभुरतात. मातोश्री म्हणतात, ज्वारी महाग झाली, आतां रांगोळी वापर.