मनाचा तांडेल



वेड एका रात्रीत लागते, अशी आपल्याकडे समजूत आहे. काल धड होता, आज भलतेच बोलू लागला, असे घरची माणसे सांगतात. पण त्यांच्याजवळ शांतपणे बसले म्हणजे मागचे एकेक वर्ष उलगडू लागते, आणि तोंडून भलते शब्द निघण्याच्या पुष्कळ अगोदर काहीतरी बिघडले होते, हे दिसून येते. त्या अगोदरच्या दिवसांविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

आपल्या अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर होडी समुद्रात घालायची म्हणजे केवळ अंगबळाचे काम नव्हे. भरती केव्हा, बर्फ किती घ्यावा, डिझेल पुरेल काय, कोणते जाळे अगोदर दुरुस्त करावे आणि वारा फिरला तर बेत कसा बदलावा, हे सारे ध्यानात ठेवणारा तांडेल लागतो. मनातही असा एक तांडेल असतो. कामाचा क्रम लावणे, हाती घेतलेले काम पुरे होईपर्यंत ध्यानात धरणे, मनात येईल ते तत्काळ न करणे, ही त्याची कामे. मेंदूच्या पुढच्या भागाचा त्यात मोठा वाटा आहे.

समजा, रेवदंड्याचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आहे. कालपर्यंत हुशार. आता तो एकच पान चार वेळा वाचतो. पाच कामे काढतो, एकही पुरे करीत नाही. एस. टी. चुकते, अंघोळ राहते, रात्रीचा दिवस होतो, मित्र तुटतात. घरात म्हणतात, आळशी झाला. वास्तविक खलाशी जागेवर आहेत, तांडेल थकला आहे. पुढे त्याला वाटू लागते की, काहीतरी घडणार आहे, लोकांच्या पाहण्यात काही अर्थ आहे. क्लाउस कोनराड या जर्मन मनोवैद्याने १९५८ साली या अवस्थेची तुलना रंगमंचावर पाऊल टाकण्यापूर्वी नटाला होणाऱ्या धडधडीशी केली. भ्रम त्यानंतर येतो.

मग हा रोग मनस्तापाने होतो काय? झुबिन आणि स्प्रिंग या संशोधकांनी १९७७ साली मांडलेला विचार आपल्या शेतकऱ्याला चटकन पटेल. खारभूमीच्या बांधात खेकड्यांनी बिळे केलेली असली, तर उधाणाच्या पाण्याने तिथेच खांड पडते. केवळ बिळांनी बांध फुटत नाही, आणि प्रत्येक उधाणाने प्रत्येक बांध फुटत नाही. मनाची नाजूक जागा काही जन्मजात, काही पुढे झालेली. उधाण म्हणजे परीक्षा, कर्ज, घरातली भांडणे, जागरण, गांजा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. पिढ्यांची वाडी एका दिवसात गेली, तो धक्काही याच जातीचा. आणि इथे एक दुष्टचक्र सुरू होते: काम होत नाही म्हणून बोलणी बसतात, बोलण्यांनी ताण वाढतो, आणि ताणाने काम आणखी बिघडते.

म्हणून घरच्यांच्या जिभेला आमची पहिली विनंती आहे. रोगी घरी परतल्यावर जिथे सतत टोचून बोलतात तिथे रोग अधिक वेळा उलटतो, असे लंडनमध्ये दिसले. चंदीगडच्या पाहणीत आपल्याकडची कुटुंबे तिथल्यापेक्षा कमी टोचतात असे आढळले. ही आपली पुंजी आहे, ती उधळू नये. मुलाला एका वेळी एकच काम सांगावे, ते कागदावर लिहून द्यावे, झोप सांभाळावी. आणि लग्न करून दिले की सुधारेल, हा विचार तर मुळीच करू नये. त्यात एकाच्या दुखण्यात दुसऱ्या घरची लेक ओढली जाते, आणि ताण वाढतो तो निराळाच.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक विसराळू मुलाला वेडाच्या वाटेवरचा समजावे काय? नव्हे. तज्ज्ञांनी तपासून धोक्यात धरलेल्यांतही तीन वर्षांत सुमारे चारांतल्या एकालाच हा झटका येतो. बाकीच्यांचे दुखणे उदासी, चिंता किंवा दुसरेच असते. पण त्यांनाही मदत हवीच असते. भीती नको, चौकशी हवी. देवऋषाकडे ज्याला जायचे त्याने जावे, परंतु वैद्याची वाट त्यासाठी अडवू नये. उपचाराला जितका उशीर, तितके बरे होणे अवघड. मुलगा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलला, तर एक दिवसही थांबू नये.

सरकारी मानसोपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने आपला हक्क झाला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची विनामूल्य सेवा आहे, तिथे मराठीत बोलता येते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटात कोकणातला शेष आणि त्याला सांभाळणारी बहीण आपण पाहिली. तशी बहीण प्रत्येक घरात निघू शकते. मात्र तिने बांध फुटण्याची वाट पाहू नये. बीळ दिसताच मूठभर चिखल लावणारा शेतकरीच शहाणा, हे या किनाऱ्याला आम्ही काय सांगावे?