निशिगंधाची तोडणी

परसातील गुंठाभर जागेतही निशिगंध उत्तम येतो. हारांकरिता एकेरी, फुलदाणीकरिता दुहेरी जातीचे कंद निवडावेत. गोव्याच्या पावसात पाणी साचले की कंद कुजतात. म्हणून लागवड गादीवाफ्यावरच करावी. कष्टाचे मोल मात्र तोडणीच्या वेळी ठरते. पूर्ण फुललेला दांडा बागेत शोभतो खरा. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पोहोचेतो तो मलूल होतो. तळाची एक-दोन फुले उमलताच, सकाळच्या गारव्यात, धारदार चाकूने दांडा कापून तत्काळ पाण्यात ठेवावा. वरच्या बऱ्याचशा कळ्या मग फुलदाणीत क्रमाक्रमाने उमलतात, आणि गिऱ्हाईक पैसे मोजते ते त्या कळ्यांसाठीच. हारांची सुटी फुले मात्र उमललेलीच, उन्हे चढण्यापूर्वी खुडावीत.